हानुसची झडप

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या सुदुरोय बेटावर मेंढ्या पाळणारा आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हानुस सहसा कधी दुविधेत पडायचा नाही. इंजिन उघडायचं, बिघाड शोधायचा, काय ते सांगून मोकळं व्हायचं. पण एकोणसाठाव्या वर्षी बंदराचा चढ चढताना त्याला धाप लागू लागली. एकदा तर चक्कर येऊन तो जाळ्यांच्या ढिगावरच कोसळला. कोपनहेगनला तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप पार आखडली होती, ती बदलणं भाग होतं.

बदलायला त्याची ना नव्हती. पण तिथल्या डॉक्टर बिर्थे म्हणाल्या, झडपा दोन प्रकारच्या असतात आणि कुठली हवी ते त्यानंच ठरवायचं. यांत्रिक झडप बहुधा जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कायमच्या मागे लागतील आणि कुठं कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. गाईच्या ऊतीपासून केलेली घेतली, तर त्या गोळ्यांची कटकट कायमची नाही. पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजणार आणि पुन्हा बदलावी लागणार. त्याच्या वयाला दोन्ही चालण्यासारख्या होत्या.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" त्यानं विचारलं.

"पण मी तुमच्या जागी नाही ना. मला मेंढ्या सोलाव्या लागत नाहीत आणि इंजिनंही उघडावी लागत नाहीत."

हानुस घरी आला तो डोक्यात भुंगा घेऊनच. सकाळी त्याला यांत्रिक झडप पटायची. सगळं आयुष्य लोखंडात गेलेलं. दुपारी पाना निसटून बोटं सोलवटली की वाटायचं, हे रक्त थांबलंच नाही तर? मग ऊतीची बरी. पण सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा छाती उघडायची? मेहुणा दानियल म्हणाला, यांत्रिक झडपेची टिकटिक ऐकू येते म्हणे. झालं, हानुसची झोपही गेली.

बायको, मालान, मत द्यायला तयार नव्हती. आपण एक सांगावं आणि ते बिघडावं, ही तिला धास्ती. एकदा जेवताना एवढंच म्हणाली, "मेंढीची चालत असती तर आपल्याच कळपातली दिली असती."

हानुसला हसू आलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं डॉक्टरांना यांत्रिक सांगितली, संध्याकाळी ऊतीची, झोपताना पुन्हा यांत्रिक. दुसऱ्या दिवशी सकाळी मालानसमोर त्याला शेवटचं विचारण्यात आलं.

शुद्धीवर आला तेव्हा छाती जखडलेली, तोंडाला कोरड पडलेली. आपण शेवटी काय सांगितलं ते काही केल्या आठवेना. कान देऊन ऐकलं, तर खोलीतली यंत्रंच एवढी वाजत होती की काही उमगेना.

"मालान, कुठली बसवली?"

"गाईची. तूच सांगितलंस."

"का म्हणून?"

"ते नाही बोललास. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच म्हणालास."

वसंतात तो पुन्हा बंदरावर जाऊ लागला. चढ चढताना धाप लागत नव्हती. गाईचीच का निवडली, ते मात्र त्याला कधीच आठवलं नाही. कुणी विचारलं तर एकाला मेंढ्या सोलायच्या सुरीचं सांगायचा, दुसऱ्याला गोळ्यांचं, तिसऱ्याला टिकटिकीचं.

पुढं काही वर्षांनी गावातल्या एयदुन कोळ्याची झडप बिघडली. तो सल्ला घ्यायला आला. हानुस मन लावून बराच वेळ बोलला. निघताना एयदुननं दारात मालानला हळूच विचारलं, "मग मी घेऊ तरी कुठली?"

"मी इतकी वर्षं ऐकतेय," मालान म्हणाली, "मलाच अजून कळलेलं नाही."