गोणपाटाआडचा अल्टरनेटर

नगरला माळीवाड्याच्या स्टँडाजवळ गहिनीनाथाची डायनामो दुरुस्तीची टपरी होती. टपरीला दार नव्हतं, पण आत मधोमध एक गोणपाट टांगलेलं होतं. गाडी रस्त्यावर उभी करायची, डायनामो उतरवायचा आणि तो पोटाशी धरून गोणपाटाआड जायचं, ही गहिनीनाथाची कामाची रीत. ट्रकवाले चेष्टा करत, "वस्ताद, आत काय बाळंतपन चाललंय का?" गहिनीनाथ हसत नसे. विचारणारा कुणाचा माणूस आहे, याचाच तो अंदाज घेत राही.

हा स्वभाव त्यानं काष्टी गावच्या घरातून आणला नव्हता. घरची माणसं दाराला नुसती कडी घालून रानात जाणारी. संशय त्याला शिकवला पुण्यातल्या त्याच्या वस्तादानं. डायनामो उघडायची वेळ आली की वस्ताद त्याला चहा आणायला पिटाळायचा. गहिनीनाथानं अख्ख्या पेठेला पुरेल एवढा चहा वाहिला, पण आत तारेचे वेढे कसे घालतात ते काही त्याच्या नजरेला पडलं नाही. शेवटी भंगारातले जळके डायनामो सोडवून सोडवून तो आपला आपणच शिकला. नगरला टपरी टाकली तेव्हा आपण असं वागायचं नाही म्हणून त्यानं छगनला हाताशी धरलं आणि हातचं काही न राखता सगळं शिकवलं. छगन सगळं शिकला, आणि एके दिवशी रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, स्वतःची टपरी थाटून बसला. त्याच आठवड्यात गहिनीनाथानं गोणपाट टांगलं.

पुढं एकदा पोळ्याला छगन पुरणपोळीचा डबा घेऊन आला होता. पायरीवर त्याचा पाय पडतो न पडतो तोच गहिनीनाथ खेकसला, "काय बघाया आलास रं?" डबा तसाच परत गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

अशा माणसाकडे त्र्याहत्तर साली नृसिंहराव आले. नृसिंहराव म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. लोकांच्या भांडणांचे कागद लावण्यात जन्म गेलेला, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय ही त्यांची पक्की समजूत. गहिनीनाथाला ते बघताक्षणी आवडले नाहीत, आणि का ते त्याला चांगलंच कळत होतं. आपलीच खोड आरशात दिसलेली कुणाला आवडत नाही.

सावेडीत तेव्हा नुकते बंगले होऊ लागले होते, भोवती सगळे मळेच. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये नृसिंहरावांची जुनी मॉरिस उभी असे. भंगारात निघालेली ती गाडी त्यांनी एकेक भाग जमवून पुन्हा उभी केली होती. रोज संध्याकाळी ते तिची बॅटरी सोडवून घरात नेत, पलंगाखाली ठेवत आणि सकाळी परत लावत. हे साऱ्या नगरला ठाऊक होतं, कारण ते स्वतःच कौतुकानं सांगत.

गाडी झाली देखणी, पण डायनामो पडला अशक्त. दिवेलागणीनंतर कामरगावच्या चढावर दिवे कंदिलासारखे मिणमिणायचे. म्हणून मुंबईच्या पुतण्यानं कुठल्याशा परदेशी गाडीचा अल्टरनेटर धाडला. डायनामोच्या दुप्पट वीज देणारी ही वस्तू नगरात फार थोड्यांनी पाहिली होती. गहिनीनाथानं मात्र आधी एक उघडला होता, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या नव्या ट्रकांना हेच येणार, आणि ज्याला हे काम येईल त्याच्या दारात ट्रकांची रांग लागणार. ती रांग छगनच्या दारात लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

"पार्ट बदलला तर मला कळेल हं, मिस्त्री," नृसिंहराव पहिल्याच दिवशी म्हणाले. "खूण केलेली आहे मी."

"माझ्याकडं काय अल्टरनेटरची शेती हाय का, भाऊसाहेब?"

काम चालू असेपर्यंत नृसिंहराव स्टुलावर बसून राहिले. डोळे गोणपाटाला लागलेले. पुली जुन्या पट्ट्याच्या रेषेत यावी म्हणून लेथवर अल्टरनेटर धरणारा लोखंडी कंस बनवून आणला, तेव्हा ते लेथपर्यंत बरोबर गेले. एकदा त्यांनी छत्रीच्या टोकानं गोणपाट उचलून पाहिलं, तर आतून गहिनीनाथ असा ओरडला की रस्त्यावरचा टांगेवाला थांबला.

खरी मेख वेगळीच होती. त्या जुन्या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं होतं. या अल्टरनेटरला बॉडीवर मायनस लागतं. गहिनीनाथानं सगळ्या तारा फिरवल्या, बॅटरीच्या खुंट्यांवर बसणारे शिशाचे क्लॅम्प बदलले आणि जोड काळ्या टेपनं गुंडाळून टाकले. आता बॅटरी एकदा जरी जुन्या पद्धतीनं लागली, तरी आतले डायोड जळून खाक होणार होते.

गाडी चालू झाली. दिवे भर दुपारीसुद्धा डोळ्यांवर आले. नृसिंहराव चक्क हसले. "भाऊसाहेब, आता प्लस बॉडीला लावू नका," हे वाक्य गहिनीनाथाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला समोर छगन दिसला. तो पाना पुसत उभा होता, कान इकडे. गहिनीनाथानं वाक्य गिळलं. प्लसची खुंटी जाड असते, तिच्यावर मायनसचा लहान क्लॅम्प चढणारच नाही, मग चूक होईल कशी, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरिस परत आली ती बैलजोडीनं ओढून आणलेली. पुढे मळेकरी, मागे छत्री घेतलेले नृसिंहराव.

"चोर आहेस तू!" कालचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. "बॅटरी लावली आणि धूर निघाला. माझा माल काढून जळका बसवलास!"

स्टँडवरचे ट्रकवाले गोळा झाले. याच ट्रकांवर गहिनीनाथाचं घर चालत होतं, आणि पार्ट बदलणारा म्हणून एकदा नाव झालं की गोणपाटाआड कुणी साधा बल्बही दिला नसता.

"निशानी बघा की तुमची," तो म्हणाला.

नृसिंहरावांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. सुईनं कोरलेला 'नृ' जागच्या जागी होता. चष्मा काढत ते म्हणाले, "वरचं तेच आहे. आतलं बदललंस. त्यासाठीच तर तो पडदा!"

"व्हय, पडदा कशाला लागतो?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. कालपर्यंत चेष्टा करणाऱ्या तोंडांवर आता चेष्टा नव्हती.

गहिनीनाथानं गोणपाटाकडे पाहिलं, समोरच्या टपरीकडे पाहिलं. मग टेबल ओढत रस्त्यावर आणलं आणि गोणपाट टांगल्यापासून पहिल्यांदा लोकांसमोर काम उघडलं. ज्ञान वाटायला नव्हे, इज्जत वाचवायला तो बोलत होता, आणि त्याला भयंकर राग येत होता. नृसिंहरावांचा, ट्रकवाल्यांचा, आणि सगळ्यात जास्त समोरून टक लावून बघणाऱ्या छगनचा.

"ह्यो डायोड," त्यानं वाटाण्याएवढं बटण चिमटीत धरलं, बॅटरीच्या दोन तारा आणि बल्ब जोडला, तसा बल्ब पेटला. "वीज हितनं एकाच बाजूनं जाती. चांगला आसंल तर तारा फिरवल्यावर बल्ब इझाया पायजे." त्यानं तारा फिरवल्या. बल्ब तसाच पेटलेला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. "समदे एकदमच मेलेत. बॅटरी उलटी लागल्याबिगर आसं हुत न्हाई."

मग तो गाडीकडे गेला आणि बॅटरीचा क्लॅम्प उचलून सगळ्यांना दाखवला. आतून शिसं ताजं घासलेलं, चांदीसारखं चमकत होतं.

"ह्यो कुनी घासला, भाऊसाहेब?"

नृसिंहरावांनी मान ताठ ठेवली. "मी. उलटं लावलं होतंत तुम्ही. इतकी वर्षं लावतोय, मला कळत नाही? लबाडी केलीत असं वाटलं. कानशीनं घासून सरळ करून घेतलं."

ट्रकवाले हसले. एक म्हणाला, "मंग वस्तादानं सांगितलं न्हवतं व्हय?" गर्दी पांगायला लागली. गहिनीनाथाचं नाव वाचलं होतं, पण त्याला बरं वाटेना.

एवढ्यात छगन रस्ता ओलांडून आला. पायरीपाशी थांबला.

"कानस माझी हाय," तो म्हणाला. "सकाळी तुमी यायच्या आदी भाऊसाहेब मागाया आल्ते. क्लॅम्प प्लसवर चढंना म्हनले. मला तवाच कळलं तुमी काय केलंया ते."

"कळलं?" गहिनीनाथाचा आवाज चढला. "मंग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू, वस्ताद? तुमचं काम मला ठावं हाय म्हनलं आसतं, तर चोरून बघितलं म्हनला आसता. गिऱ्हाइकाला थांबवलं आसतं, तर फोडलं म्हनला आसता. म्या कानस दिली."

गहिनीनाथाला छगनच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण जायला तोंड नव्हतं. एक वाक्य त्यानं गिळलं होतं, एक छगननं. दोन्ही वाक्यं एकच होती.

नृसिंहरावांनी स्टूल ओढून आता थेट टेबलाला चिकटवलं. "नवे डायोड पुतण्याकडून मागवतो. जळलेले मात्र मला मोजून परत हवेत," ते म्हणाले.

गहिनीनाथ टेबल आत न्यायला उठला. आतल्या अंधारात डायोडांचे कथलाचे बारीक सांधे सोडवायचे होते. कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "छगन, जरा गोणपाट धर बाजूला. उजेड येऊ दे."

छगननं हात लांबवून गोणपाट धरलं. पुरता वाकून, ताणून धरलं. पाय मात्र त्यानं पायरीच्या बाहेरच ठेवले होते.