सखुबाईंच्या दुनळीचा अडलेला खटका

ठाण्याच्या बाळकुममध्ये सखुबाई पाटील कुठे राहतात असं विचारलं, तर चार जण चार दिशा दाखवतील. पण ‘बंदूकवाली आजी’ म्हणा, रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो.

सासऱ्यांचं खाडीला लागून मिठागर होतं आणि वरच्या अंगाला भातशेती. रानडुकरं पिकात शिरायची म्हणून त्यांनी परवाना काढून दुनळी बंदूक घेतली. पुढे मिठागर बंद पडलं, शेतावर टॉवर उभे राहिले, बंदूक मात्र घरात राहिली. सखुबाईंचे यजमान परशुराम वारले तेव्हा मुलगा हितेश म्हणाला, “जमा करून टाकू या आता.”

“कनाला? ती काय जेवायला मागते?” सखुबाईंनी त्याला उडवून लावलं आणि परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “आजी, तुम्हाला कशाला हवी बंदूक?” सखुबाई म्हणाल्या, “माझ्या सासऱ्याची हाय. आनि माझ्याइतकी कोन जपनार तिला?” साहेबांना हसू आवरेना, पण परवाना झाला. तेव्हापासून दर निवडणुकीला सखुबाई ती बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, पोलीस ठाण्यात जमा करतात आणि निवडणूक आटोपली की वाजतगाजत परत आणतात. काडतूस म्हणाल तर परशुराम गेल्यापासून घरात एकही नाही. सखुबाईंनी कधी बंदूक उडवलेलीच नव्हती. दसऱ्याला पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि परत कपाटात कुलपात.

यंदा पावसाळा फार लांबला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं तर बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर पांढरी बुरशी. सखुबाईंना भडभडून आलं. नवऱ्याला बंदूक खोलताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांनी स्क्रू काढून दस्ताच सुटा केला, पुसला, उन्हात ठेवला, तेलाचा हात दिला आणि पुन्हा सगळं जोडलं. मग चुकून बार उडू नये म्हणून असतो तो सेफ्टीचा खटका अंगठ्याने पुढे ढकलला. खटका अर्ध्यावर गेला आणि तिथेच रुतला. पुढे नाही, मागे नाही.

“सेफ्टीच अडकलीय ना? मग तर डबल सेफ झाली,” हितेश मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

“अर्ध्यावर अडकलाय रं! कुलूप अर्धंच लागलं तर घर टाकून गावाला जाशील का तू?”

हितेशने बंदुकीच्या दुकानात फोन लावला. दुकान दसऱ्यानंतरच उघडणार होतं. सखुबाईंनी खटक्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं. तेल ओघळून लुगड्यावर आलं, खटका काही हलला नाही. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. मोडकी बंदूक पूजेला कशी ठेवायची या विचाराने दुपारची भाकरी तशीच ताटात राहिली.

संध्याकाळी सून कृतिका कामावरून आली. ती वर्तकनगरला चष्म्याच्या दुकानात होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती बंदुकीपासून चार हात लांबच राहायची. पूजेचा नमस्कारसुद्धा दारातून. पण सासूचं पडलेलं तोंड बघून तिला राहवेना. तिने स्टूल ओढलं.

“आई, आधी रिकामी आहे ते मला दाखवा.”

सखुबाईंनी बंदूक मधोमध दुमडून उघडी धरली. दोन्ही नळ्यांतून पलीकडची ट्यूबलाइट लख्ख दिसली. मग कृतिकाने मोबाईलची बॅटरी लावली.

“आता एकेक स्क्रू सैल करा. दर वेळी खटका हलवून बघा.”

पुढचा स्क्रू सैल झाला, काही फरक नाही. मागचा जरा फिरवला आणि खटका टक्‌ करून सरकला. सखुबाई हरखल्या, स्क्रू पुन्हा आवळला. खटका पुन्हा रुतला!

“थांबा थांबा,” कृतिका पुढे झुकली. “दोन्ही स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवा बरं.”

तिने ते तळहातावर शेजारी शेजारी उभे धरले. डोकी अगदी सारखी, पण एक नखभर लांब.

“अहो, हे तर आमच्या दुकानात रोजचं! चष्म्याच्या काडीला लांब स्क्रू लागला की तो आरपार जाऊन आत टेकतो, मग काडी मिटतच नाही. तुम्ही पुढचा मागे लावलाय. त्याचं टोक खटक्याखालच्या स्प्रिंगला दाबतंय.”

“दोनदा खोललं आनि दोनदा तीच चूक केली मी!” सखुबाईंनी कपाळावर हात मारला.

स्क्रूंची अदलाबदल झाली. सखुबाईंनी श्वास रोखून अंगठा लावला. टक्‌. पुढे. टक्‌. मागे. त्यांनी आनंदाने तो इतक्या वेळा हलवला की हितेश आतून ओरडला, “अगं आई, झिजेल तो!” मग सासूसुना जेवायला बसल्या. सखुबाईंनी भाकरीचा पहिला तुकडा सुनेच्या तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी पूजेची माळ कृतिकाने स्वतः जवळ जाऊन घातली.

पण घरात खटका चालला म्हणजे झालं असं मानणाऱ्या सखुबाई नव्हेत. दुकान उघडल्याबरोबर त्या बंदूक घेऊन हजर. दुकानदार प्रफुल्लशेठनी नळ्या तपासल्या, खोटी काडतुसं घालून चाप ओढून बघितले आणि मान डोलावली. “सगळं ठीक आहे. आजी, तुम्ही कधी उडवलीत का ही?”

सखुबाई चक्क लाजल्या.

त्याच महिन्यात एका रविवारी प्रफुल्लशेठनी सखुबाई आणि कृतिका दोघींना बंदुकीसह ओळखीच्या शूटिंग क्लबमध्ये नेलं. तिथले शिक्षक स्वानंद यांनी सखुबाईंच्या कानांवर मोठे कर्णरक्षक बसवले, दस्ता खांद्यात घट्ट कसा रोवायचा ते दाखवलं. नऊवारीचा काष्टा खोचून आजी उभ्या राहिल्या, क्लबची काडतुसं भरली, खटका पुढे केला. नेम धरायची मातीची तबकडी हवेत उडाली, बंदूक धडाडली, आणि तबकडी शाबूत लांब गवतात जाऊन पडली.

“पलाली रं!” सखुबाई म्हणाल्या. “सोड दुसरी.”

दुसरीच्या मात्र आभाळात ठिकऱ्या उडाल्या. कृतिकाने शिट्टी मारली. सासूसमोर शिट्टी मारल्याचं तिच्या नंतर लक्षात आलं, तोवर सखुबाई स्वतःच टाळ्या पिटत होत्या. मग स्वानंदनी क्लबची बंदूक कृतिकाच्या हाती दिली. तिचे सगळे नेम चुकले, आणि प्रत्येक वेळी दोघी पोट धरधरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या धक्क्याने सखुबाईंचा खांदा काळानिळा झाला होता. हितेश मलम घेऊन मागे लागला, पण त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या हेमांगीला, समोरच्या मासळीवालीला, साऱ्या आळीला त्या पदर बाजूला सारून खांदा दाखवत सुटल्या. “बग बग, कसा उमटलाय!”