एकेचाळीस नंबरचा अंगठा

वनस्पतीशास्त्राच्या सरांना पोरं माघारी ‘अंगठेसर’ म्हणायची. कारणही तसंच होतं. वर्गात पोरं एकशेवीस आणि बाकं साठांपुरतीच, म्हणून सरांनी व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप काढला. रोज सकाळी सातला, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालता घालता, ते दहा मिनिटांचा धडा बोलून टाकायचे. पान श्वास कसा घेतं, मूळ दगडातनं वाट कशी काढतं. शेवटी ठरलेलं वाक्य, “ऐकलं असेल तर अंगठा द्या. अंगठा नाही तो गैरहजर.”

बोलणं असं रसाळ, की कॉलेजला कधीमधी तोंड दाखवणारी पोरंसुद्धा घरबसल्या धडा ऐकायची. सर स्टाफरूममध्ये छाती काढून सांगायचे, “गळती नळाची असते, माझ्या वर्गाची नाही. एक पोर गळू देणार नाही.”

खुपायचा तो एकच नंबर, एकेचाळीस. उशिरा प्रवेश घेतलेली पोरगी. चार दिवस वर्गात आली असेल नसेल, सरांना तिचा चेहराही धड आठवत नव्हता. धडा पडला की पहिला अंगठा मात्र तिचा. प्रश्न टाकला की चिडीचूप, आणि चाचणीला तर पत्ताच नाही. तीन महिने हेच चाललेलं.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली आणि सरांचं डोकं सणकलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, “एकेचाळीस नंबर, अंगठेबहाद्दर! सही तरी येते का? उद्या कॉलेजात ये, नाहीतर नाव काढतो.”

मिनिटभरात त्याच्यावरही अंगठा आला. एकेचाळीसचाच.

ग्रुप हसून लोळला. डोळ्यांतनं पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. एका पोरीनं मधेच काहीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं. सरांनी ते पाहिलं, पण विचारलं नाही. थट्टा करते काय, म्हणत तिथल्या तिथं त्यांनी एकेचाळीस नंबर ग्रुपमधून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात एक बाई उभी राहिली. कपड्यांच्या कारखान्यात काजं करणारी. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. हातात फोन.

“सर, मी एकेचाळीस नंबरची आई. आज तुमचा आवाज आला नाही. फोन बिघडला का बघता?”

“पोरगी कुठाय? तिला पाठवा. आईला पुढं करून भागायचं नाही.”

बाईनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. “तुम्हाला ठाऊक नाही होय? मला वाटलं, पोरींनी सांगितलं असेल. ती गेली, सर. तीन महिने झाले. ताप डोक्यात शिरला.”

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“दवाखान्यात तुमचा धडा मी तिच्या कानाशी धरायची. म्हणायची, आई, अंगठा दे गं, नाहीतर सर गैरहजर लावतील. मला वाचता येत नाही, तेवढा अंगठा तिनं शिकवला. मग तसंच चालू ठेवलं. काजं करता करता ऐकते. घरच्या रेशनकार्डावरनं नाव निघालं, दवाखान्यात खाटेच्या पाटीवरनं निघालं. म्हटलं, इथं तरी असू दे.” बाई जरा ओशाळली. “चुकलं असेल तर सांगा. काल तुम्ही लिहिलेलं काहीतरी आलं. आवाज नव्हता, तरी अंगठा दिला. काय होतं त्यात?”

सरांनी खाली पाहिलं.

“उद्या कॉलेजात ये, असं होतं,” ते कसेबसे म्हणाले.

“मग आलेच की,” बाई म्हणाली. कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरीसारखी.

सरांनी फोन काढला आणि नंबर परत ग्रुपमध्ये घेतला. बाई आभार मानून गेली. आभार त्यांना सोसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातला ते गच्चीवर उभे राहिले. बी मातीत कसं पडून राहतं, एवढं बोलून झालं. शेवटचं वाक्य मात्र ओठांवर येईना. तसाच धडा त्यांनी पाठवून दिला. अंगठा त्यांनी मागितलाच नव्हता.

दहा मिनिटं गेली. मग पहिला अंगठा आला. एकेचाळीसचा.

सर हातातल्या झारीनं पाणी घालतच राहिले. कुंडी भरून वाहिली, पाणी गच्चीभर पसरलं, तरी घालतच राहिले.