चरापलीकडचं वावर

आमच्या वावराच्या तीन बाजूंना त्याचं रान आहे आणि चौथ्या बाजूला ओढा. त्याचं म्हणजे गावच्या पुढाऱ्याचं. नाव लिहीत न्हाई. गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाहेरच्यांना ते घेऊन काय करायचं?

वावरात मोसंबीची बाग आहे. ती मी आणि बायकोनं हातानं लावलेली. बागेकडं जायचा गाडीरस्ता त्याच्या रानातून जायचा, माझ्या आज्याच्या वेळेपासून. एकदा तो घरी आला, ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणला, "नाना, वावर इकून टाका आता. तुम्हाला पोरगा न्हाई, पोरी दिल्या घरी. कोणासाठी राबून राह्यले?"

मी म्हणलो, "माझ्यासाठी."

तो हसला. त्याच आठवड्यात जेसीबी लावून त्यानं रस्त्यावर आडवा चर खांदला. माणूस आत उभा राह्यला तर टोपी दिसायची न्हाई एवढा खोल. आम्ही ओढ्याच्या अंगाला कुदळीनं पायऱ्या पाडल्या आणि चरात उतरून, पलीकडं चढून वावरात जायला लागलो. माणूस जाई, पण बैलगाडी न्हाई, टेम्पो तर बिलकुल न्हाई. बाग तोडणीला आल्ती. जालन्याचा व्यापारी येऊन झाडं पाहून गेल्ता, पण चर पाह्यल्यावर म्हणला, "बाबा, गाडी झाडाजवळ लागंल तर बोला."

तहसीलात तक्रार केली. एक साहेब आला, चराच्या कडेला उभा राह्यला, मान हलवली, पुढाऱ्याच्या घरी जेवला आणि गेला. मंग मी भोकरदनहून मेव्हण्यांना बोलावलं, पुतण्यांना सांगितलं. सगळे काठ्या, फावडे घेऊन अंगणात जमले. ठरलं होतं की दिवसाढवळ्या चर बुजवायचा आणि आडवा येईल त्याला पाहून घ्यायचं.

बायको राजूरला गेल्ती. ती यष्टीतून उतरून आली आणि अंगणातल्या काठ्या पाहून दारातच थांबली.

"हे काय लग्नाचं वऱ्हाड हाये का?"

थोरला मेव्हणा म्हणला, "आक्का, तू आत जा. चहा ठेव."

"चहा ठेवते. पिऊन घरी जायचं. काठ्या हितंच ठेवून जायच्या."

मंग तिनं सांगितलं. राजूरच्या गणपतीपुढं तिनं गाऱ्हाणं घातलं होतं आणि आपल्याच बागेची मोसंबी सोडली होती. आमच्याकडं बाया असं करतात. देवापुढं मागणं मागितलं की जिभेला आवडती एक वस्तू सोडायची आणि काम होईस्तोवर तोंडात घालायची न्हाई. तिला मोसंबी लई आवडायची. झाडाखाली बसून मिठासंगं खायची.

"आजपासून हे भांडण गणपतीचं," ती म्हणली. "तुम्ही काठी उचलली म्हणजे म्या दिलेलं परत घेतल्यासारखं होईल."

मी म्हणलो, "गणपती काय जेसीबी घेऊन येणार हाये का?"

"येईल, न्हाई तर न येईल. तुम्ही गप बसा."

"तोवर माल सडू द्यायचा?"

"डोक्यावर वाहू. पण अहो, त्या पुढाऱ्याजवळ पोरं हायेत, गाड्या हायेत, वरपर्यंत वळख हाये. आपल्याजवळ हे चार जण, त्यातल्या एकाचा गुडघा दुखतो. आपल्या जोरावर आपण जिंकत न्हाई. आन् जिंकलो तरी उद्या त्याच्यासारखेच होऊन बसू."

गुडघेवाला मेव्हणा म्हणला, "माझा गुडघा कशाला काढती मधी?" सगळे हसले आणि तिथंच ती फौज मोडली. मला राग आला होता. त्या दिवशी मी जेवलो न्हाई. तिनंही ताट झाकून ठेवलं.

माल खरंच डोक्यावर वाह्यला. घरची, भावकीतली माणसं लागली, बाया लागल्या. कॅरेट भरायचं, चरात उतरायचं, वरच्यानं ओढून घ्यायचं. पुढाऱ्याचे गडी बांधावर बसून बघायचे. एक जण तंबाखू मळत म्हणला, "नाना, म्हातारपणी हमाली लागली का?" बायकोनं डोक्यावरचं कॅरेट खाली ठेवलं, दोन मोसंब्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणली, "खा बाबा. बघून बघून तोंड सुकलं असंल." तो गडी खालमुंडी घालून उठून गेला. व्यापाऱ्यानं भाव पाडला तो पाडलाच. चर तसाच राह्यला.

पुढच्या बहाराला तेच. त्याच्या पुढच्या बहाराला पण तेच. गणपती काही आला न्हाई. मी तिला टोचून बोलायचो. ती म्हणायची, "त्याच्या हातात दिलंय ना? मंग घाई करणारे तुम्ही कोण?" तिला खरंच चिंता नव्हती. मी बाजंवर पडल्या पडल्या पुढाऱ्याला शिव्या द्यायचो आणि ती घोरायची.

मंग तिच्या पोटात गाठ निघाली. जालन्याला दवाखान्यात ठेवलं. तिथंच मस्तगड भागात माझ्या चुलत बहिणीचं घर आहे, तिथं राहून मी दवाखान्यात ये-जा करायचो. अन्न जाईना. नर्स म्हणली, "आजीला मोसंबीचा रस द्या, तेवढाच पोटात टिकंल." बहिणीनं बाजारातून मोसंबी आणली, रस काढून दिला. मी पेला तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली.

मी म्हणलो, "आगं, ही आपल्या बागेची न्हाई. बाजारातली हाये. तू आपली सोडली होती."

ती हळू म्हणली, "जालन्याच्या बाजारात आपलीच येती ना? कोणाला ठाऊक कोणत्या झाडाची हाये."

ओठ सुकून भेगा पडल्या होत्या तिच्या. मी पेला खिडकीत ठेवला. बहीण बाहेर जाऊन रडली. मला तर त्या वेळी गणपतीचा एवढा राग आला की समोर असता तर तोंडावर बोललो असतो. एक घोट रसाची ती गोष्ट. तेवढंही तिला मिळालं न्हाई.

ती गेली ते भादव्यात. आमच्यात वावर असलेल्या माणसाला वावरातच अग्नी देतात. तिनंही तेच सांगून ठेवलं होतं, बागेच्या कडेला. पण मधी चर होता. आठवडाभर पाऊस पडलेला, काळी माती, पाडलेल्या पायऱ्या वाहून गेलेल्या.

पुतणे परत पेटले. थोरला म्हणला, "नाना, आज काकूला त्याच्या दारावरून नेऊ. आडवा आला तर त्याचीच तिरडी बांधू."

अंगणात तिला आंघोळ घालून ठेवली होती. मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं तोंडानं परत काय सांगायचं होतं? मी म्हणलो, "काठ्या ठेवा. ज्याला काठी घ्यायची आहे त्यानं खांदा देऊ नये."

"नाना, मंग चरातून नेणार कशी?"

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणलो. खरंच ठाऊक नव्हतं. तिच्यासारखा भरवसा माझ्यात नव्हता. तिनं जे एकदा देऊन टाकलं ते तिच्याच मौतीच्या दिवशी आपण हिसकून घ्यायचं न्हाई, एवढंच मला कळत होतं.

चराशी आलो. थोरला पुतण्या कसातरी घसरत पलीकडं चढला. बाकीचे आत उतरून तिरडी डोक्यावर धरून उभे राह्यले. पाय माती धरीनात. एक जण बसला, तिरडी कलली, मी ओरडलो. पलीकडं पुतण्या एकटा, त्याला दोन्ही बांबू पेलेनात.

पुढारी त्याच्या विहिरीवर पाण्याच्या मोटारीपाशी होता. आम्ही त्याला पाह्यलं होतं, पण कोणी हाक मारली न्हाई. तो चालत आला. पांढरे कपडे होते अंगात. चराच्या कडेला चिखलात गुडघे टेकले, दुसरा बांबू धरला आणि त्याच्या गड्यांवर ओरडला, "बघता काय भाड्यांनो, धरा!" तिरडी वर आली. तिथून बागेपर्यंत त्यानं खांदा दिला. मी मडकं घेऊन पुढं चालत होतो, मागं वळून पाह्यलं न्हाई. अग्नी दिल्यावर पाह्यलं तर तो गेल्ता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा चरात सिमेंटचा मोठा पाईप टाकलेला होता आणि वरून मुरूम. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा ओल्या होत्या.

पुतणे गावात सांगत फिरले की तो आम्हाला भ्याला. मी एकदा दोघांना दम दिला, "तुम्हाला कोण भेतं रे? तुमची म्हैस तरी भेती का?" तो पुढारी काही साधू झाला न्हाई. ओढ्याकडच्या एका गरिबाशी त्याचं अजून भांडण चालू आहे. माझ्याशी रस्त्यात भेटला तर गाडी बाजूला घेतो, एवढंच.

आता टेम्पो थेट झाडापाशी लागतो. यंदा व्यापाऱ्यानं घासाघीस केली न्हाई. लोक म्हणतात, नाना, तुमचं काम झालं. झालं. पण गाडीत बसून बागेत जायला जी पाह्यजे होती ती तिथंच कडेला राख होऊन गेली.

मागच्या चतुर्थीला मी राजूरला गेलो. रांगेत उभं राहून पाय दुखले. भांडायचंच म्हणून गेल्तो. पुढं पोचलो तर पुजारी म्हणला, "चला बाबा, जल्दी पुढं." मी हात जोडले आणि एवढंच म्हणलो, "ती तुझ्यावर टाकून मोकळी झाली. मला जमत न्हाई. पण आता दुसरं कोणी राह्यलं न्हाई, तर माझं पण तूच बघ."

मागच्यानं ढकललं. मी बाहेर आलो, गावावरून जाणारी भोकरदनची यष्टी पकडली. दुपारी लाईट येणार होती आणि झाडांना पाणी द्यायचं होतं.