राणीचा रंग

१९५८ सालच्या श्रावणात एका रविवारी गणपतीतल्या नाटकासाठी एकशे वीस रुपये मंजूर झाले. बैठक कानडी मुलखातल्या जयनगरात आमच्याच घरी झाली. हजर होतो मंडळाचा खजिनदार म्हणून मी, माझी पत्नी, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि नाटक लिहून बसवणारे शेजारचे अण्णा.

लिहिलेलं पान अण्णा आमच्याकडे वाचून दाखवत, त्यामुळे राणीची सगळी भाषणं मुलीला पाठ होती. तिला तेच काम हवं होतं. अण्णांनी तिला दासी दिली.

"हुशार आहे हो. पण राणी म्हटल्यावर गोरी नको का?"

मुलगी आत जाऊन कॉफीचे पेले विसळत बसली. ते आधीच विसळलेले होते.

"अण्णा, राजा कोण होणार?" पत्नीने विचारलं.

"मीच की, अक्का."

"मग आरशात बघून या स्वल्प, जरासं."

अण्णा आमच्या मुलीपेक्षा दोन छटा काळेच होते. तेही हसले. मी नाटकाची वही मागून घेतली आणि राणीची सगळी पानं चाळली. रंगाबद्दल एक अक्षरही नव्हतं. तसं मी सांगितलं.

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले. "राणी हीच. पण तोंडाला, हातांना सफेदा लावायचा."

मला हे ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून घेता घेता मुलगी म्हणाली, "अप्पा, सफेदा नको. मग राणी मी नव्हेच, दुसरीच कुणीतरी."

तिच्या आईचा हात वेणीतच थांबला. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी अण्णांना पुन्हा बोलावलं. सफेदा नको म्हटल्यावर त्यांनी खरी अडचण सांगितली. मांडवात दिवे दोनच, दोन्ही उंचावर, आणि मागे गडद पडदा. "पोर दिसायचीच नाही हो."

"आणि राजा?" पत्नीने विचारलं.

"राजा ओरडतो!"

अडचण खोटी नव्हती. मी टेबलावरचा दिवा उचलला, घरातले बाकीचे दिवे घालवले आणि मुलीच्या समोर, जरा खालून धरला. कपाळ, गाल, डोळे सगळं उजळलं. रंग तिचा तोच होता, पण नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"म्हण, अक्का," अण्णा हळूच म्हणाले.

आमच्या मुलीला त्यांनी अक्का म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने पहिलं भाषण न अडखळता म्हटलं.

नाटकाच्या दिवशी तिने काजळ आणि कुंकू एवढंच लावलं. रंगवणाऱ्याने सवयीने सफेद्याचा डबा उघडला, तो अण्णांनीच बंद केला. पहिल्या रांगेत बसून तिची आई ओठांतल्या ओठांत प्रत्येक वाक्य म्हणत होती. मांडवाच्या शेवटच्या टोकाहूनही मुलीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मी तिथे जाऊन, उभं राहून पाहिला.

रंगमंचापुढे खाली ठेवलेल्या तिसऱ्या दिव्याचं भाडं साडेतीन रुपये झालं. ते मी माझ्या खिशातून दिवेवाल्याला दिलं.