पुण्यतिथी कवीची, फोटो सिमेंटवाल्यांचा

वर्षातला कुठलाही दिवस सांगा. त्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं आणि कुठला तह कुणी मोडला, हे मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन. बायकोचं म्हणणं, एवढं लक्षात राहतं तर येताना भाजी आणायचं तेवढं कसं राहत नाही?

नोकरी पाणीपट्टीच्या खिडकीत केली. तिथे माझं ऐकायला कुणी येत नसे. जो तो बिल नाचवत स्वतःच बोले. म्हणून निवृत्तीनंतर वाचनालयाच्या बाईंनी 'रोज सकाळी दिनविशेषावर पाच मिनिटं बोलाल का?' असं विचारलं, तेव्हा आंधळा मागतो एक डोळा अशी माझी गत झाली. पाचाची वीस मिनिटं कधी झाली ते मला कळलं नाही. ऐकणाऱ्यांना कळलं असावं. पण ते वर्तमानपत्र वाचायला आलेले, पंख्याखालची जागा सोडून जाणार कुठे?

आता खरं सांगतो, भाषण माझ्याकडे एकच होतं. कवी असला की 'लेखणी', सेनापती असला की 'तलवार', शास्त्रज्ञ असला की 'प्रयोगशाळा'. बाकी मजकूर कुणालाही बेतशीर बसायचा. नाव आणि तारीख सुरुवातीलाच उरकायची, पुढे नुसतं 'कविवर्य' किंवा 'सेनापती'. थोरांना सारखं नावाने पुकारू नये, अशी माझी शिस्त. (नाव विसरायची भीती, हे खरं कारण.)

त्या दिवशी एका जुन्या कवीची पुण्यतिथी होती. वाचनालयाच्या बाई रजेवर, म्हणून कपाटातून फोटो मीच काढला, टेबलावर मांडला, पुढे फुलं ठेवली. चष्मा खिशात होता. चष्मा लावला की मी पुन्हा पाणीपट्टीवाला दिसतो, असा माझा समज. आणि जुन्या फोटोंतली माणसं सगळी सारखीच: झुबकेदार मिशी आणि फोटोग्राफरला घाबरलेले डोळे.

भाषण निम्म्यावर आलं तेव्हा पन्नाशीची एक बाई दारातून आत आली, टेबलाकडे बघून थबकली आणि मागच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने तिने पदर डोळ्यांना लावला. मी चेकाळलोच. एवढ्या दिवसांत माझ्या भाषणाने कुणाला जांभईशिवाय काही आलं नव्हतं.

भाषण संपल्यावर ती पुढे आली. "काका, मी यांची मुलगी."

कविवर्य जाऊन शतक उलटलेलं, शिवाय ते अविवाहित! मी चष्मा लावून वळलो. फोटोखालची पट्टी म्हणत होती: 'पंख्यांचे देणगीदार'. कोपऱ्यावरचे सिमेंटवाले! ते पाच वर्षांपूर्वीच गेले. त्यांची मुलगी आता दुकान बघते, आणि पंखे दुरुस्तीला आलेत का, हे बघायला आली होती.

"घरात ते कधी एक शब्द गोड बोलले नाहीत हो," ती म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता म्हणालात, माणसांवर जीव होता, बोलून दाखवता आलं नाही. ते कविता करायचे हे आम्हाला माहीतच नव्हतं. कुठे मिळतील?"

खरं सांगायची ती वेळ होती. माझ्या तोंडून निघालं, "बघावं लागेल." खिडकीत बसून आयुष्यभर दिलेलं उत्तर.

घरी सांगितल्यावर बायको हसली नाही. "ती बिचारी घरभर कविता शोधत बसेल. आधी जाऊन सांगा."

म्हणजे पाच वर्षांनी सापडलेला मायाळू बाप मी तिच्याकडून परत मागायचा! रात्रभर कूस बदलत पडलो. सकाळी दिनविशेष बुडवून दुकानात गेलो.

बायको म्हणाली तेच झालं होतं. माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या होत्या आणि ती जमिनीवर बसून एकेक कागद उलगडून बघत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चष्मा, मिशी, सगळं. लाजेने मान वर होईना.

तिने हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे कविता नाहीत."

"नाहीत."

"आणि ते दुसरं? जीव होता म्हणालात ते?"

"ते मी सगळ्यांबद्दल म्हणतो, ताई."

"सगळ्यांबद्दल?"

"कवी, सेनापती, शास्त्रज्ञ. एकालाही सोडलं नाही."

तिने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. "मग बाबांनाच का सोडायचं? म्हणा की. कवितेचं तेवढं गाळा."

मी बसलो. सिमेंटच्या गोण्यांसमोर, एका श्रोत्यासाठी, तेच भाषण सुरू केलं. 'लेखणी' गाळली, तिच्या जागी काय घालावं ते सुचेना. अडखळत, चाचपडत त्या वाक्यापाशी आलो.

"माणसांवर जीव होता..." एवढं म्हणालो आणि चष्मा काढून पुसू लागलो.

"पण बोलून दाखवता आलं नाही," पुढचं तिनेच म्हटलं. आणि पेटीचं झाकण लावता लावता हळूच म्हणाली, "मलाही."