चिंतामणीचं स्पेलिंग

सुलेखाने देवाचं नाव टाइप केलं की लॅपटॉप भोंगा वाजवायचा. तीनदा चुकलं की पडदा थिजायचा. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, की परत तोच काळा पडदा, कुलपाचं पांढरं चित्र आणि पुढे लुकलुकणारी रेघ. शुक्रवारपासून हेच चाललं होतं. आज रविवार, त्यात संकष्टी, आणि उद्या सकाळी शिनागावाच्या कंपनीला फाइल पोचायला हवी होती. ती फाइल त्या कुलपाच्या आत होती.

सुलेखा मूळची ठाण्याची, तिथल्या शाळेत मराठी शिकवायची. नवऱ्याला, उल्हासला, कंपनीने टोकियोला पाठवलं तेव्हा जुईला कडेवर घेऊन ती तिथल्या एदोगावात आली. दोन वर्षांचं पोस्टिंग म्हणता म्हणता जुई इथल्या शाळेत तिसरीला गेली. ओट्याच्या टाइलला कांजीचे, म्हणजे जपानी चित्राक्षरांचे, कागद चिकटवून सुलेखा जपानी शिकली, परीक्षा पास झाली. ओळखीतल्या बायका तिला डॉक्टरकडे, वॉर्ड ऑफिसात दुभाषी म्हणून बरोबर न्यायच्या. पण ते सगळं शेजारधर्मात जमा. स्वतःच्या नावावर काम आलं ते आत्ता पहिल्यांदा: शिनागावाच्या त्या कंपनीच्या भाताच्या कुकरचं माहितीपत्रक जपानीतून मराठीत करायचं. हे नमुन्याचं पसंत पडलं तर पुढची सगळी तिलाच.

तिने त्यात जीव ओतला होता. एका वाक्यापाशी तर दोन दिवस अडली होती. 'भात मुरू द्या' लिहिलं तर लोणचं आठवायचं, 'निवू द्या' लिहिलं तर भात गार व्हायचा. शेवटी 'वाफ जिरू द्या' सुचलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच हसली होती.

लॅपटॉप मूळचा पद्मिनीताईंचा. त्या आणि चारुदत्तभाऊजी शेजारच्या उरायासुला राहायचे. उन्हाळ्यात मुलीला, तन्वीला घेऊन ते कायमचे पुण्याला गेले, तेव्हा जाताना विकलेल्या सामानातून सुलेखाने तो घेतला. हातात आला तेव्हा चालूच होता. ते लोक नुसतं झाकण मिटायचे, तिनेही तेच केलं. शुक्रवारी मिक्सर लावायला तिने त्याची पिन काढली ती काढलीच. बॅटरी म्हातारी, संध्याकाळपर्यंत संपली, आणि जागं होताना लॅपटॉपने पहिल्यांदाच विचारलं, तू कोण?

हा विंडोजचा पासवर्ड नव्हे, असं उल्हासने सांगितलं. हा मशीनच्या मुळात बसलेला, विंडोजच्याही आधीचा. डिस्क काढून दुसरीकडे लावावी तर तिलाही तेच कुलूप. शनिवारी तो लॅपटॉप घेऊन आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आला. दुकानदाराने वाकून वाकून सांगितलं, की मदरबोर्ड बदलता येईल, डिस्कही नवी घालता येईल, जुन्या डिस्कमधलं मात्र विसरा. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काम चालत नाही, तेव्हा उल्हास म्हणाला की मॅनेजरची परवानगी मागतो, पुन्हा लिही, एकदा केलेलं दुसऱ्यांदा अर्ध्या वेळात होतं.

"पुरणपोळी नाही ती, पुन्हा लाटायला," सुलेखा म्हणाली, आणि साबुदाण्याचं पातेलं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं.

पुण्याला फोन आधीच झाला होता. चारुदत्तभाऊजींना पासवर्ड पाठ होता: चिंतामणी. थेऊरचा गणपती म्हणजे त्यांचा श्वास. भूकंपानंतर उरायासुची जमीन खचून पाण्याच्या लाइनी फुटल्या, दुरुस्तीची माणसं घरात येऊ-जाऊ लागली, तेव्हा त्यांनी हे कुलूप घालायला घेतलं. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला. दोन्ही हातांत कॅन घेऊन निघता निघता त्यांनी पोरीला सांगितलं, चिंतामणी टाइप कर, दोनदा. तिने केलं. त्यानंतर तो लॅपटॉप कधी पुरता बंद झालाच नाही, त्यामुळे कोणाला तो टाकायची वेळही आली नाही.

सुलेखाने सी-एच घालून पाहिलं, नुसता सी घालून पाहिलं. शेवटच्या 'णी'ला आय, डबल ई, वाय लावून पाहिलं. पुढे श्री लावून झालं, श्रीचीही तीन स्पेलिंगं झाली. तन्वीला विचारलं तर तिने पुण्याहून मेसेजमध्ये तेच सी-एचचं सरळ स्पेलिंग पाठवलं, जे सगळ्यात पहिल्यांदा फसलं होतं. मग भाऊजींचा पारा चढला. काहीतरी वेडंवाकडं टाइप करून ठेवलं असणार कार्टीने, असं ते तिच्यावर ओरडले. बाबा म्हणाले तेच टाइप केलं, असं तन्वी रडत रडत सांगत होती, तेही फोनवर ऐकू आलं. सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या फाइलपायी लेकराला बोलणी.

"संकष्टीला चिंतामणीचा एवढा जप कीबोर्डवर अजून कोणी केला नसेल," उल्हास दुपारी म्हणाला. ती हसली नाही. नाव तर खरं होतं. मग देवाचं नाव चुकतं कसं? उपासाने डोकं हलकं झालं होतं. ती देवघरातून लॅपटॉपकडे, लॅपटॉपकडून गॅलरीकडे फेऱ्या मारत होती. चंद्रोदयाला वेळ होता आणि आभाळही भरलेलं होतं.

जुई टेबलाशी उद्याचं दप्तर भरत होती. बासरीच्या पिशवीला तिने नवी चिठ्ठी चिकटवली होती, त्यावर इंग्रजी अक्षरांत नाव. सुलेखाची नजर गेली आणि तिचा उरलासुरला धीरही संपला. झेड-वाय-यू-आय. हे काय जुई झालं?

"स्वतःचं नाव लिहिता येत नाही तुला?"

जुईने आधी जपानीत आणि मग आईचा चेहरा पाहून मराठीत सांगितलं, की शाळेत सेन्सेईने असंच शिकवलंय. सुलेखाने व्हाइटनर घेऊन चिठ्ठी पांढरी केली, वर इंग्रजी 'जे' काढून नाव लिहिलं, आणि त्या सेन्सेईलाही चार शब्द लिहून कळवावेत म्हणून दप्तरातला शाळेचा तक्ता ओढला.

जपानी अक्षरं इंग्रजी लिपीत कशी लिहायची त्याचा तो तक्ता होता. सुलेखा मोठ्यांच्या पुस्तकांतून शिकली होती, तिथे चि म्हणजे सी-एच-आय. शाळेतल्या पोरांची रीत निराळी. त-च्या ओळीत पहिलं टी-ए, आणि दुसऱ्या घरात, जिथे 'चि' हे अक्षर होतं, तिथे छापलं होतं टी-आय.

तिने तक्ता खाली ठेवला. पुन्हा उचलला. तन्वीही इथल्याच शाळेत शिकलेली. आता ती पुण्यात इंग्रजी शाळेत जाते, सी-एच लिहिते. पण त्या दिवशी, टँकर खाली उभा असताना, तिच्या हाताला वळण कुठलं होतं?

सुलेखा लॅपटॉपपाशी गेली. पदराला हात पुसले. टी, आय, एन. ओठ आपसूक हलत होते, तिं, ता, म, णी, तोंडात दात न आलेल्या पोरासारखे. एंटर.

भोंगा वाजला नाही. पंखा घरघरला, पडदा निळा झाला. आतली फाइल उघडली तेव्हा 'वाफ जिरू द्या' जिथल्या तिथे होतं.

"झालं?" उल्हास आतून धावत आला. लगेच पाठव म्हणाला, हा बंद पडायच्या आत. तिने पाठवली नाही. आधी फोन उचलला.

"भाऊजी, तन्वीने बरोबर टाइप केलं होतं. तिच्या शाळेच्या स्पेलिंगने. चूक माझी आणि तुमची. तिला फोन द्या."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि बारीक आवाजात एक जपानी वाक्य, ज्याचा अर्थ एवढाच, की मी सांगितलं होतं ना.

"सांगितलं होतंस गं राणी," सुलेखा म्हणाली. "आम्हालाच ऐकू आलं नाही."

फाइल गेली. पोचल्याचं उत्तर काही रविवारी येणार नव्हतं, तरी ती मेल उघडून उघडून पाहत राहिली. उल्हासने सुचवलं, की आता पासवर्ड काढून टाकू, निदान सुधारून तरी घेऊ. ती नको म्हणाली. देवाने ज्या नावाला ओ दिली ते सुधारणारे आपण कोण?

मग तिने कपाटातून कोरी चिठ्ठी काढली, बासरीच्या पिशवीवरची व्हाइटनरने बरबटलेली नखाने खरवडून टाकली, आणि जुईपुढे पेन ठेवलं.

"लिही."

"कुठलं? तुझं का शाळेचं?"

"तुझं."

जुईने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग चिठ्ठीवर हाताचा आडोसा धरला आणि झेड काढायला घेतला.